कस्तुरीचा सव्वादोन वर्षांचा पेपर

स्लाऊ, १४ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

आधी वाकून नमस्कार, मग मुद्द्याचं. व्हिडिओ कॉल का बंद झाले, पुष्कर माझ्यावर रागावलाय का, असं तू कस्तुरीच्या आईला, अक्षयाला विचारलंस म्हणे. राग वगैरे काही नाही. आमच्या घरातलं धोरण बदललं आहे. एवढ्या लहान मुलांसमोर स्क्रीन नको, असं संशोधन सांगतं. मी या विषयावर सत्तावीस लेख वाचले (त्यातले चार पूर्ण). त्यामुळे कस्तुरी जागी असेपर्यंत घरातले सगळे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद असतात, आणि ती झोपेपर्यंत जळगावात तू घोरत असतेस. म्हणून पत्र. कॉलेजात चार वर्षं तुझ्याकडे राहिलो असल्यामुळे तुझं अक्षर मला लागतं, ही त्यातली जमेची बाजू.

आता खरं काम. इथे इंग्लंडमध्ये मूल सव्वादोन वर्षांचं झालं की त्याला बघायला हेल्थ व्हिजिटर येते. आपल्याकडची नर्सबाई समज, पण वेळ ठरवून येणारी आणि चहा नको म्हणणारी. तिचा एक फॉर्म असतो. मूल ठोकळ्यांचा मनोरा रचतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, सांगितलेली वस्तू आणून देतं का, असे प्रश्न. प्रत्येकापुढे तीन चौकटी: हो, कधीकधी, अजून नाही. कस्तुरीला १४ नोव्हेंबर ही तारीख मिळाली आहे.

आत्या, आपल्या घराण्यात आजवर कोणी नापास झालेलं नाही. (बाबांची अकरावी टायफॉइडमध्ये गेली, ती धरत नाहीत.) माझ्या ऑफिसातला अपूर्व दर शनिवारी स्वतःच्या घरी या परीक्षेचा तयारी वर्ग घेतो. सात मुलं येतात. ज्यांच्याकडे बाई येऊन गेली त्यांना विचारून त्याने संभाव्य प्रश्नांचा संच काढलाय. त्याच्या वीरला गेल्या वर्षी सगळीकडे 'हो' मिळालं, आणि जाताना बाई 'लव्हली' म्हणाली. आम्ही ते विशेष प्रावीण्य धरतो.

तू एकतीस वर्षं अंगणवाड्यांत काढलीस, मुख्यसेविका म्हणून निवृत्त झालीस. जुन्या चाचण्या, युक्त्या काही असतील तर पाठव. फक्त प्रत्येक उपायासोबत पुरावा जोड. पुराव्याशिवाय आम्ही तिला मोजेसुद्धा घालत नाही.

कस्तुरी छान आहे. बोलते जरा कमी, पण ती मुळातच विचारी आहे.

तुझा
पुष्कर

जळगाव, २८ सप्टेंबर

चि. पुष्कर,

खूप आशीर्वाद. तुझा जाड लिफाफा बघून पोस्टमनने दारातच विचारलं, "मॅडम, परदेशातल्या कोर्टाचं काही आहे का?" मी वाचून त्याला सांगितलं, त्याहून वाईट आहे, भाच्याचं आहे.

परीक्षेचं वाचून मला काळजी वाटली. तिची नाही, तुझी. अरे, ती बाई कुणाला नापास करायला येत नाही. आम्ही वजनकाटा घेऊन वस्त्यांवर फिरायचो तो काय पोरांना मार्क द्यायला? कोण मागे पडतंय ते लवकर कळावं, म्हणजे त्याला जास्तीचं काही देता येतं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप असतो.

युक्त्या विचारतोस. तिच्यासमोर बसून बोल. ती ज्याच्याकडे बघतेय त्याबद्दल बोल, तुला सुचेल त्याबद्दल नाही. मग गप्प बस आणि मनात दहापर्यंत आकडे मोज, तिची पाळी तिला घेऊ दे. गाणी म्हण. तेच ते चित्रांचं पुस्तक शंभरदा वाचायला लागलं तरी वाच. पुरावा हवा असेल तर हे सगळं तुझ्यावर केलेलं आहे, आणि तू अजून बोलायचा थांबलेला नाहीस.

आणि आत्याशी व्हिडिओवर बोलणं म्हणजे कार्टून बघणं नव्हे. तुझ्या लेखांतही तसं लिहिलेलं असणार, न वाचलेल्या तेवीसांत.

आता एक काम कर. तिचा एक दिवस जसाच्या तसा लिहून पाठव. अंगणवाडीताईंना मी हेच सांगायचे, 'छान आहे' लिहू नका, काय केलं ते लिहा. 'विचारी' वगैरे मला चालणार नाही.

आत्या

स्लाऊ, १२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आजचाच दिवस लिहितो, कारण आज सराव परीक्षा होती.

सात वाजता उठली, मी पडदा सरकवल्यावर. त्याआधी चारदा हाका मारल्या होत्या, पण झोपेच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

मग नाश्ता. मुलासमोर आपण जे करतोय ते बोलत राहावं, असं एका लेखात होतं. तेव्हापासून मी अखंड बोलतो. "आता बाबा कांदा घेतायत. आता बाबा कांदा सोलतायत. आता बाबा रडतायत." सवय इतकी लागली की परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी मोठ्याने म्हणालो, "नाऊ आय ॲम ओपनिंग द फाइल. नाऊ आय ॲम वरिड." मॅनेजरने सगळ्यांसमोर माझ्या पारदर्शकतेचं कौतुक केलं. कस्तुरी मात्र माझ्या तोंडावरची नजर हलवत नाही. असा श्रोता मला आयुष्यात मिळालेला नाही. दहा आकडे मोजायचं तुझं मी करून बघितलं, पण चारच्या पुढे मला राहवत नाही.

दहा वाजता अपूर्वकडे. कॉपी होऊ नये म्हणून मुलांना लांब लांब चटयांवर बसवलं होतं. पर्यवेक्षक म्हणून वीर होता, वय वर्षं तीन. कस्तुरीने सहा ठोकळ्यांचा मनोरा सहज रचला आणि पुढेही रचत बसली. रेघ ओढली. "चेंडू आण", "नाक दाखव" यांत पैकीच्या पैकी. यात अक्षयाची कमाल आहे. चेंडू म्हटलं की ती चेंडूकडे बघते, नाक म्हटलं की स्वतःचं नाक खाजवते, आणि कस्तुरी तिच्यावरून बरोबर ओळखते. तोंडी परीक्षा जरा कच्ची आहे. सहा शब्द येतात, त्यातले तीन फक्त आम्हाला कळतात.

तेवढ्यात अपूर्वच्या बायकोने, आश्लेषाने, टोस्ट जाळला आणि छतावरचा स्मोक अलार्म वाजायला लागला. तो किती भयंकर वाजतो याची तुला कल्पना नाही. बाकीच्या सहाच्या सहा मुलांनी भोकाड पसरलं. पर्यवेक्षक सोफ्याखाली शिरला. अपूर्व झाडूच्या दांड्याने छत बडवत होता. आणि कस्तुरी? ती शांतपणे नववा ठोकळा ठेवत होती. तिने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही! अपूर्वने तिथल्या तिथे प्रिंट काढून तिला 'सर्वोत्तम एकाग्रता' असं प्रशस्तिपत्र दिलं. मी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.

आता बोल, विचारी म्हणू की नको?

पुष्कर

जळगाव, २४ ऑक्टोबर

पुष्कर,

हे स्पीड पोस्टाने पाठवतेय. तीनदा फोन केला, तुझा डबा उचलत नाही. आणि उचलला असतास तरी मधेच पुरावा मागितला असतास. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही.

ते प्रशस्तिपत्र आधी भिंतीवरून काढ.

दोन वर्षांचं मूल तसल्या आवाजात एकाग्र राहत नाही रे. ते दचकतं, रडतं, आईला जाऊन चिकटतं. कस्तुरी हाकेला उठत नाही, उजेडाला उठते. तोंडावरून नजर काढत नाही. अक्षया बघेल तिकडे जाते. मला वाटतं तिला नीट ऐकू येत नाही. मी डॉक्टर नाही, आणि माझं चुकलं तर मी इथे साखर वाटीन. पण पत्र मिळेल त्या दिवशी हे कर. ती खेळात असताना पाठीमागे जा आणि साध्या आवाजात हाक मार. पाय वाजवू नकोस, सावली पडू देऊ नकोस. मग तोंडापुढे वर्तमानपत्र धरून चेंडू माग. अक्षयाला तेव्हा दुसऱ्या खोलीत बसव.

चौदा तारखेला त्या बाईला जे आहे ते सांग. जे येत नाही तिथे 'अजून नाही' लिही. या वयात पुष्कळ मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि बहुतेकांचं बरंही होतं. घाबरण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं तर त्याहून नाही.

आत्या

स्लाऊ, १५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पेढे वाट! सगळ्या चौकटींत 'हो'!

तुझं पत्र वेळेवर पोचलं होतं. प्रयोगही केला. निकाल संमिश्र आहे. पाठीमागून हाक मारल्यावर ती वळली नाही, पण तेव्हा ती वाटीत राजमा भरत होती, आणि मी कामात असलो की मीही हाकेला वळत नाही असं अक्षयाचं म्हणणं आहे. वर्तमानपत्राआडून चेंडू मागितला तर तिने वर्तमानपत्र ओढून खाली पाडलं आणि माझ्याकडे बघून खळखळून हसली. तिला वाटलं आम्ही बुवाकुक खेळतोय. असो. एका मुलावर एकदा केलेल्या प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही, हे कुठलाही संशोधक तुला सांगेल.

आता कालचं. बाई येऊन थेट जमिनीवर बसली. चेंडू मागितला, अक्षयाने बघितलं, चेंडू आला. दोन शब्द जोडून बोलते का, असं विचारल्यावर मी 'हो' म्हणालो. त्या सकाळी ती 'आई' म्हणाली होती आणि नंतर 'पाणी' म्हणाली होती. मधे अर्धा तास गेला होता, पण शब्दांत किती अंतर असावं याबद्दल फॉर्ममध्ये काहीच लिहिलेलं नाही. शेवटी बाईने विचारलं, "एनी वरीज? हिअरिंग, स्पीच, एनीथिंग ॲट ऑल?" मी म्हणालो, "नन व्हॉटसोएव्हर." बाई 'लव्हली' म्हणाली, दोनदा. वीरपेक्षा एकदा जास्त.

ती गेल्यावर अक्षया स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदाने असणार.

पुष्कर

जळगाव, २७ नोव्हेंबर

पुष्कर,

पेढे वाटले नाहीत. तुला एक गोष्ट सांगते, ती आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही.

मुख्यसेविका होण्याच्या आधी मी एका वस्तीवर अंगणवाडीताई होते. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी आम्ही पलीकडच्या वस्तीतून दोन गुटगुटीत पोरं उसनी आणून रांगेत बसवायचो. सगळ्याच ताया करायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. एका वर्षी साहेबांनी त्यातल्या एकाला कडेवर घेऊन फोटो काढला, आणि तेच पोर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने त्यांना भेटलं. साहेब म्हणाले, या भागातली मुलं दिसायला फार सारखी आहेत.

हसलास ना? आता पुढचं ऐक. माझ्या अंगणवाडीत वैजू नावाची मुलगी होती, नुसती काडी. त्या दिवशी मी तिला तिच्या मामाकडे धाडलं आणि तिच्या नावापुढे उसन्या पोराचं वजन लिहिलं. कागदावर माझ्याकडे एकही कमी वजनाचं मूल उरलं नाही. म्हणून जास्तीच्या आहाराची पाकिटं दुसऱ्या गावाला गेली. उन्हाळ्यात वैजू अंथरुणाला खिळली. वाचली ती तिच्या आईमुळे, माझ्यामुळे नाही. तिची आई मला आठवड्याला अंडी आणून द्यायची, ताई पोरीकडे लक्ष देतात म्हणून. ती अंडी मी खाल्ली आहेत, पुष्कर.

पोरीची मदत तुझ्या दारात येऊन जमिनीवर बसली होती. तिने तुला तोंडाने विचारलंसुद्धा, काही काळजी आहे का म्हणून. आणि तू तिला हसतमुखाने परत पाठवलंस.

अक्षया आनंदाने रडत नव्हती. जा, तिला विचार.

आत्या

स्लाऊ, १० डिसेंबर

प्रिय आत्या,

विचारलं.

अक्षयाला दोन महिन्यांपासून संशय होता. ती म्हणाली, "मी समोर असले तरच मी तिच्यासाठी असते, पुष्कर. पाठ केली की संपले. म्हणून मी तिच्यासमोरून हलतच नाही. आणि तू रोज सांगतोस ती किती हुशार आहे, मग मी कधी सांगणार?" मी उठलो आणि हॉलमधलं ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईला फोन केला.

"हॅलो, आय वुड लाइक यू टू फेल माय डॉटर, प्लीज."

"सॉरी, लव्ह?" (इथे बायका सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात.)

"शी पास्ड बाय मिस्टेक. वुई वेअर हेल्पिंग हर विथ आय मूव्हमेंट्स."

मग ती म्हणाली, "पुष्कर, लव्ह, इट्स नॉट अ टेस्ट. नोबडी पासेस." मी म्हणालो, अपूर्वचा वीर पास झालाय. ती म्हणाली, वीर कोण?

ती परत आली. या वेळी अक्षया वरच्या खोलीत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो. नऊ ठिकाणी 'अजून नाही' आलं. त्याखाली मी सही केली. बाई मला रागावली नाही. तू सांगितलास तोच हाक मारण्याचा प्रयोग तिनेही करून बघितला, आणि हॉस्पिटलमध्ये कानाच्या तपासणीसाठी नाव पाठवलं. २५ फेब्रुवारीची वेळ मिळाली आहे.

संध्याकाळी अपूर्व आणि आश्लेषा भेटायला आले. डब्यात वरणभात घेऊन आले होते. अपूर्व दारातच माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाला, "किती विषय राहिले?"

मी रोज रात्री स्वतःलाच विचारतो, मी तिला पास करत होतो की मला.

पुष्कर

जळगाव, २४ डिसेंबर

चि. पुष्कर,

शाब्बास. पहिल्यांदा तुझ्या पत्रात पुरावा न मागता एक वाक्य आलं.

आता तपासणीची तयारी करून घेऊ नकोस. अपूर्वला घरात घेऊ नकोस. तोवर एवढंच करा: टीव्ही, रेडिओ बंद. तिच्या जवळ, तिच्या उंचीला बसायचं, तोंडावर उजेड असू द्यायचा. थोडं बोलायचं आणि थांबायचं. बोलताना हातवारे केलेत तरी चालतील, त्याने बोलणं अडत नाही.

आणि फोन डब्यातून काढा. तिला मी दिसले पाहिजे. ऐकू नाही आले तरी चालेल, माझं तोंड बोलकं आहे.

आत्या

स्लाऊ, २७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

परवा तू व्हिडिओवर विचारत होतीस आणि मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

हॉस्पिटलमध्ये एक छोटी खोली होती, भिंतींना जाड कापड. कस्तुरीसमोर लाकडी होडी ठेवली आणि हातात लाकडी माणूस दिला. आवाज आला की माणूस होडीत टाकायचा, एवढाच खेळ. मला तिच्या मागे खुर्ची दिली आणि सांगितलं, डॅड, अजिबात हलायचं नाही. मी दोन्ही हातांवर बसलो. आधी मोठ्या आवाजाला तिने माणूस टाकला. मग आवाज लहान होत गेला. तो मला स्पष्ट ऐकू येत होता. कस्तुरी माणूस कानाशी धरून वाट बघत होती. पुन्हा आवाज आला. ती वाट बघत होती. किती शहाण्यासारखी बसली होती ती, आत्या. एकदाही कंटाळली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, वाजलं गं बाळा, टाक! पण मी हललो नाही. तिच्यासाठी मी केलेलं पहिलं खरं काम तेच असावं.

दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी आहे. पाण्यात बुडी मारून बाहेरचं बोलणं ऐकावं, तसं तिला ऐकू येतंय. तीन महिने थांबून परत तपासतील. पुष्कळांचं आपोआप जातं, नाही गेलं तर कानात बारीक नळी बसवतात. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आम्ही घरी काय करायचं? त्यांनी जे सांगितलं ते शब्दन् शब्द तुझं डिसेंबरचं पत्र होतं. मी त्यांच्याकडे पुरावा मागितला नाही.

अपूर्वचा वर्ग बंद झालाय. त्याच जागी शनिवारी मुलं नुसती खेळतात. अपूर्वला हे झेपत नाही, तो कोपऱ्यात बसून ठोकळे रंगांप्रमाणे लावत असतो.

पुष्कर

स्लाऊ, ९ जून २०२५

प्रिय आत्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

दुसरी तपासणी झाली. उजवा कान पूर्ण मोकळा झाला आहे, डावा बराचसा. नळीची गरज दिसत नाही, सप्टेंबरात पुन्हा बघतील. बोलण्यात ती अजून मागे आहे, त्यासाठी स्पीच थेरपीची बाई दर पंधरा दिवसांनी येते. मी तिला कसलेही निकाल विचारत नाही.

पण लिहायचं ते वेगळंच. काल दुपारी अक्षया बाहेर गेली होती. कस्तुरी हॉलमध्ये खेळत होती आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. मधे भिंत. तिला मी दिसत नव्हतो, मला ती दिसत नव्हती. आजवर अशा वेळी ती उठून घरभर शोधत फिरायची, तोंड सापडेपर्यंत. काल भिंतीपलीकडून आवाज आला,

"बाबा? कुठे?"

आत्या, तिने मला न बघता हाक मारली. मी ताट हातात धरून तसाच उभा राहिलो. पाय तिच्याकडे धावत होते, पण मी स्वतःला आवरलं, दारात गेलो नाही. जागेवरूनच, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "इथे."

मग पावलं ऐकू आली. ती जिन्याकडे गेली नाही, बाहेरच्या दाराकडे गेली नाही. सरळ माझ्याकडे आली.

पुष्कर